स्टेशनचं नाव रिक्षावाल्याला लगेच कळलं पाहिजे

पुण्यात कोथरूडच्या वनाज स्टेशनच्या पुढे मेट्रो जाणार हे आता नक्की झालंय. केंद्रानं २५ जून २०२५ ला मंजुरी दिली, इकडे वनाज ते चांदणी चौक आणि तिकडे रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी, दोन्ही मिळून १२.७५ किलोमीटर आणि १३ स्टेशनं. त्यातली आमच्या बाजूला फक्त दोन, एक कोथरूड डेपोपाशी आणि एक चांदणी चौकात, अंतर म्हणाल तर एक किलोमीटरच्या जरासं पुढे. पण मी याच पौड रोडवर लहानाची मोठी झाले, डेपोतनं सुटणाऱ्या बसनं शाळा-कॉलेज केलं, त्यामुळे ही दोन स्टेशनं माझ्यासाठी नकाशावरचे दोन ठिपके नाहीयेत. आणि सोसायटीच्या ग्रुपवर आत्तापासूनच सुरू झालंय, स्टेशनला अमक्याचं नाव द्या, तमक्याचं द्या, छत असं करा, दगडी करा, किल्ल्यासारखं करा. मला यावर मनापासून बोलायचंय, कारण एकदा बोर्ड लागला आणि काँक्रीट ओतलं की पुढची पन्नास-शंभर वर्षं ते आपल्याला वापरायचंय.

माझं म्हणणं साधं आहे. स्टेशनचं नाव आणि स्टेशनचं दार, दोन्ही गोष्टी जो माणूस तिथं पायी किंवा बसनं येणार आहे त्याच्या बाजूनं ठरवा. नाव रिक्षावाल्याला सांगितल्यावर त्यानं "कुठलं ते?" असं परत विचारता कामा नये, आणि दार असं पाहिजे की रिक्षातनं उतरल्यावर सरळ आत जाता आलं पाहिजे. ही एकच गोष्ट आहे खरं तर, आपण उगाच दोन वेगळ्या कमिट्यांकडे देतो.

आपल्याच मार्गावरचं उदाहरण घ्या, नळ स्टॉप. तिथं नळ होता म्हणून नळ स्टॉप, इतकंच. कुणी ठराव केला नाही, कुणी फलकाचं अनावरण केलं नाही. तो नळ बघितलेली माणसं आता फार राहिली नाहीत, पण नाव आहे, दोन शब्दांचं, गर्दीत ओरडून सांगितलं तरी कळेल असं. चांदणी चौक, दांडेकर पूल, नाशिक फाटा, राजाराम पूल, ही सगळी त्याच जातीची नावं. फाटा म्हटलं की रस्ता फुटतो हे कळतं, पूल म्हटलं की पाणी ओलांडायचंय हे कळतं. नावातच पत्ता आहे. अशी नावं तयार व्हायला तीस-चाळीस वर्षं लोकांची तोंडं लागतात, आणि ती आपल्याकडे आयती पडलेली असताना नवीन कशाला शोधायची?

यावर कुणी म्हणेल की वनाज ही तर कंपनी, गरवारे हे देणगीदाराचं नाव, रुबी हॉल हे खासगी हॉस्पिटल, मग ही कशी चालतात? चालतात, कारण ती नावं विकत घेतलेली नाहीत. वनाज कंपनीच्या गेटसमोर बस थांबायची, कंडक्टर "वनाज, वनाज" ओरडायचा, कामगार उतरायचे, मग आसपास सोसायट्या झाल्या आणि तिथं राहायला आलेल्या माणसानं कंपनीत कधी पाऊलही न ठेवता पत्त्यात वनाज लिहायला सुरुवात केली. मेट्रो आली तेव्हा नाव आधीच तिथं उभं होतं. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज गाडी सुरू झाली त्या दिवशी वनाज कुठं आलं असं पुण्यात कुणी विचारलं नाही.

याच्या उलट नाव विकायची पद्धत. मुंबईत मेट्रो तीनवर काही स्टेशनांच्या नावाआधी बँकेचं किंवा विमा कंपनीचं नाव लागलंय, सिद्धिविनायकाच्या आणि महालक्ष्मीच्या आधीसुद्धा. मला कळतं की नुसत्या तिकिटावर मेट्रो चालत नाही, जाहिरातीचा पैसा लागतो. घ्या ना, खांब द्या, भिंती द्या, अख्खा डबा रंगवायला द्या, पण नाव नका देऊ. गुरगावच्या रॅपिड मेट्रोत २०१३ मध्ये स्टेशनांना मायक्रोमॅक्स, व्होडाफोन अशी नावं जोडली होती. व्होडाफोन हे नाव आपल्या देशात २०२० मध्ये बदलून व्ही झालं, मायक्रोमॅक्सचा फोन आज कुणाच्या हातात दिसत नाही. करार संपतो, ब्रँड बदलतो, आणि म्हातारा माणूस जुन्या नावानं विचारत फिरत राहतो. नाव ही भाड्यानं द्यायची जागा नाहीये, ती सगळ्यांची आहे.

आता जरा नाजूक मुद्दा, थोर व्यक्तींच्या नावांचा. इथं लोक लगेच दुखावले जातात म्हणून आधीच सांगते, मला त्या व्यक्तींबद्दल आदर आहे आणि त्या आदरापोटीच मी हे लिहितेय. मुंबईचं व्हीटी १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं आणि लोक सीएसटी म्हणायला लागले, २०१७ ला त्यात महाराज जोडलं आणि लोक सीएसएमटी म्हणायला लागले. म्हणजे ज्यांचं नाव उच्चारायचं म्हणून आपण बदललं त्यांचं नाव आता कुणाच्या तोंडून निघतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं निघतात. मला याचं खरंच वाईट वाटतं. आमच्या मार्गावर छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन आहे, मेट्रोतला आवाज पूर्ण नाव घेतो, पण शेजारचा प्रवासी फोनवर "संभाजी पार्कला उतर" असंच सांगत असतो. नाव लांब झालं की लोक ते तोडणार, हे अनादरानं होत नाही, घाईनं होतं. एखाद्याचा मान राखायचाच असेल तर स्टेशनच्या आत त्यांच्या कामाचं नीट कायमचं प्रदर्शन करा, चार फोटो चिकटवून नाही, वाचावंसं वाटेल असं, मुलं थांबून बघतील असं. त्या माणसाचं काम लोकांपर्यंत पोचेल, बोर्डवर नाव लिहून ते पोचत नाही.

आणि सत्तेनं दिलेलं नाव टिकतंच असंही नाही. आपली मंडई १८८६ मध्ये बांधली तेव्हा गव्हर्नरच्या नावानं रे मार्केट होती, नंतर महात्मा फुले मंडई झाली, पण पुणेकर आधीही मंडईच म्हणत होता आणि आताही मंडईच म्हणतो. स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला तेव्हा तिथल्या स्टेशनचं नाव मंडई असंच ठेवलं, हे फार बरं झालं.

चुकलेली नावं पण आहेत आणि ती मोकळेपणानं मान्य केली पाहिजेत. नाशिक फाट्याच्या स्टेशनला सुरुवातीला भोसरी नाव होतं, भोसरी गाव तिथून बरंच लांब, शेवटी ते नाशिक फाटा झालं. बुधवार पेठ म्हणून कागदावर असलेलं स्टेशन कसबा पेठ झालं. म्हणजे चूक दुरुस्त होते, पण बोर्ड, नकाशे, घोषणा, ॲप, तिकिटाची यंत्रणा सगळं बदलून. आधीच चौकात उभं राहून चार जणांना विचारलं असतं तर? मनपाचंही तसंच. बसवर पाटी मनपा, कंडक्टर ओरडतो मनपा, आणि मेट्रोच्या इंग्रजी नकाशावर पीएमसी. पीएमसी आणि मनपा एकच हे गावाकडनं आलेल्या माणसाला कोण सांगणार? सिव्हिल कोर्टचंही तेच, कोणी सिव्हिल कोर्ट म्हणतं, कोणी जिल्हा न्यायालय, आणि दोन मार्ग बदलायची जागा नेमकी तीच. जिथं गाडी बदलायची तिथं तरी सगळीकडे एकच नाव हवं ना.

आणि आता जे येतंय त्याची मला जास्त काळजी आहे. तिकडचा मार्ग वाघोलीच्या पुढे विठ्ठलवाडीला संपणार. पण पुण्यात कुणालाही विठ्ठलवाडी म्हणा, त्याच्या डोळ्यासमोर सिंहगड रोडची नदीकाठची विठ्ठलवाडी येते, आषाढीला जिथं रांगा लागतात ती. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजूर झालेला खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी मार्ग जाणार त्याच सिंहगड रोडवरनं! म्हणजे एकादशीला दर्शनाला निघालेली बाई नकाशात विठ्ठलवाडी शोधणार आणि तो नकाशा तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडणार. आनंदनगरचं आत्ताच असं आहे, कोथरूडचं की सिंहगड रोडचं हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. नवीन मार्गावर, नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग हा फाटा धरून, २८ स्टेशनं आहेत. त्यांची नावं आज फक्त कागदावर आहेत, आज खोडायला एक पेन्सिल लागते, बोर्ड लागल्यावर तीच गोष्ट करायला सरकार दरबारी खेटे घालावे लागतात. वाघोलीच्या विठ्ठलवाडीतल्या लोकांना त्यांच्या गावाचं नाव हवं असणार आणि तो त्यांचा हक्कच आहे, मग वाघोली विठ्ठलवाडी असं जोडून लिहा, दोन शब्द काही फार नाहीत.

हक्क हा शब्द मी मुद्दाम वापरला. उरणच्या रेल्वेचं बघा, जानेवारी २०२४ मध्ये गाडी उरणपर्यंत गेली. तिथल्या गावकऱ्यांनी मागणी लावून धरली की द्रोणागिरी नाही बोकडवीरा म्हणा, न्हावा शेवा नाही नवघर म्हणा, रांजणपाडा नाही धुतूम म्हणा, कारण जमिनी आमच्या गावांच्या गेल्या. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडी गेली, आता निदान नाव तरी राहू द्या. मला ही मागणी शंभर टक्के पटते. यात अस्मितेचं राजकारण काय आहे? ज्या मातीत खांब रोवला त्या मातीचं नाव घ्या, एवढंच ते म्हणतायत. आणि माझ्या रिक्षावाल्याच्या कसोटीला पण ते उतरतं, कारण तिथला रिक्षावाला बोकडवीऱ्याचाच असतो.

आता डिझाइन. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांचं छत मावळ्यांच्या पगडीसारखं केलंय, शिवाजीनगरच्या भुयारी स्टेशनला किल्ल्याचं रूप दिलंय. दिसायला चांगलं आहे, नदीपात्रातनं बघताना पगडी ओळखू येते, पाहुण्यांना दाखवायला आवडतं. पण पगडी लांबून दिसते, प्रवासी खाली असतो. मला विचाराल तर या सगळ्या बांधकामातल्या दोन गोष्टी खऱ्या कौतुकाच्या आहेत आणि दोन्ही फोटोत फारशा दिसत नाहीत. एक म्हणजे सिव्हिल कोर्टचं स्टेशन, जमिनीखाली ३३.१ मीटर, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक, आणि तिथं छत असं केलंय की ऊन थेट प्लॅटफॉर्मवर उतरतं. दहा मजले खाली उभं राहून वर उजेड दिसणं म्हणजे काय हे तिथं गेल्यावर कळतं, माणूस घाबरत नाही, दिशा चुकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नदीकाठच्या स्टेशनांवरनं नदी ओलांडून पेठांत जायला आखलेले पायी पूल. स्टेशन डेक्कनला पण माणसाला जायचंय नारायण पेठेत, मग पूल बांधा, हा विचार करणारा माणूस मला भेटायला आवडेल.

कारण जिथं हा विचार होत नाही तिथं काय होतं ते आपण बघितलंय. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव बदलायचा विषय सरकारी फायलीत होता त्याच काळात, २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी, तिथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. पाऊस होता म्हणून लोक जिन्यातच थांबले होते. पुढे जुलै २०१८ मध्ये स्टेशन प्रभादेवी झालं. प्रभादेवी हे नाव चांगलंच आहे, तिथलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नावाचा कागद आणि पुलाचा कागद यात आधी कुठला हलायला हवा होता हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कुठलं स्टेशन ते महत्त्वाचं नाही कारण असं बऱ्याच ठिकाणी होतं. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, वॉकर सुटून काठी आली होती, म्हटलं मेट्रोनं जाऊ, धक्के नाहीत, एसी आहे. प्रवास खरंच छान झाला, आईनं खिडकीतनं सगळं बघून घेतलं, कुठली बिल्डिंग कुठं गेली ते मला सांगत होती. उतरलो. लिफ्ट होती, चालू होती, स्वच्छ होती. पण ती उतरली रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, आम्हाला जायचं होतं अलीकडे. लिफ्टच्या दारातनं बाहेर आलो तर फुटपाथ साधारण चार पावलं, मग विजेचा एक डीपी बॉक्स, त्याच्या पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग दीड फुटाचा कर्ब. आई काठी टेकवून कर्बच्या काठावर उभी, खाली रस्त्यावरनं दुचाक्या सुटलेल्या, आणि ती मला म्हणाली, "आता उडी मारू का?" शेवटी भाजीच्या गाडीवाल्यानं त्याचं रिकामं क्रेट आणून पायरीसारखं खाली ठेवलं. शेकडो कोटींच्या कामात ती एक पायरी त्या माणसानं पुरी केली. तेव्हापासून मला कुठल्याही स्टेशनचं चित्र दाखवलं की मी छत बघत नाही, लिफ्टचं दार कुठं उघडतं ते बघते.

म्हणूनच चांदणी चौकाच्या स्टेशनची मला धाकधूक आहे. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, नवे रॅम्प, नवे पूल झाले, ऑगस्ट २०२३ मध्ये उद्घाटन झालं, गाड्यांची कोंडी सुटली. पण त्या सगळ्यात पायी चालणाऱ्याची वाट कुठं आहे? मुंबईच्या बसची वाट बघत लोक हायवेच्या कडेला बॅगा घेऊन उभे असतात, पौड-मुळशीकडे जाणारे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये रॅम्पच रॅम्प. उद्या तिथं मेट्रो स्टेशन झालं की मुंबईहून पहाटे उतरलेला माणूस, मुळशीतनं कॉलेजला येणारी मुलगी, बावधनमधनं येणारे नोकरदार, सगळे तिथं येणार. ते हायवे ओलांडणार कसे हा प्रश्न स्टेशनच्या डिझाइनचा भाग असला पाहिजे, "ते आमच्या हद्दीत येत नाही" असं म्हणून सोडून देता येणार नाही. वरनंच छताखालनं चालत प्रत्येक बाजूच्या बस थांब्याशी उतरता आलं पाहिजे, स्वच्छतागृह तिकीट गेटच्या बाहेरच्या बाजूला पाहिजे कारण बसवाल्यालाही ते लागतं, आणि पहाटे तीनला उतरलेल्या बाईला उजेडात बसायला जागा पाहिजे. मग बाहेरनं ते किल्ला दिसो नाहीतर साधी पत्र्याची शेड.

अजून एक सुचवायचंय. मेक्सिको सिटीत १९६९ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिलं, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. ती चित्रं आजही आहेत, लोक चित्रावरनं स्टेशन ओळखतात. आपल्याकडे हे किती सहज होईल! नळ स्टॉपला नळ, मंडईला तो वरचा मनोरा, डेपोला बस, चांदणी चौकाला चांदणी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मराठी वाचता येत नाही, त्या स्टेशनं मोजत जातात, पाचवं आलं की उतरायचं. एखादं नवीन स्टेशन मध्ये सुरू झालं की त्यांची मोजणी चुकणार, जसं येरवडा रामवाडीनंतर काही महिन्यांनी उघडलं तेव्हा त्या बाजूला कुणा ना कुणाचं झालंच असेल. चित्र असलं की हा प्रश्नच मिटतो, आणि आपली नावं मुळात इतकी चित्रासारखी आहेत की चित्रकाराला फार डोकं चालवावं लागणार नाही.

नावं ठरवायला मतदान घ्या असं मी म्हणत नाही, त्यात ज्याचे फॉलोअर जास्त तो जिंकतो. खांब उभे राहायच्या आत त्या जागी पाटी लावा, "इथे स्टेशन होणार, या जागेला तुम्ही काय म्हणता?" आणि महिनाभर एक माणूस बसवा. स्टँडवरचे रिक्षावाले, पीएमपीचे म्हणजे शहर बसचे कंडक्टर, फुलवाल्या, शाळेची मुलं, कुरिअरवाले यांना विचारा. आणि पीएमपीच्या थांब्यांची यादी समोर ठेवून तेच नाव दुसरीकडे नाही ना तेवढं तपासा.

मी गेल्या आठवड्यात स्वतःच हे करून बघितलं. डेपोसमोर चहा घेताना शेजारी उभ्या सहा-सात जणांना विचारलं, स्टेशनला काय नाव द्यावं. एक जण क्षणभर थांबला, बाकी सगळे एकदमच म्हणाले, "डेपो." जो थांबला होता तो पीएमपीचा ड्रायव्हर निघाला. तो म्हणाला, "नाव काय पण द्या मॅडम, पण जिना डेपोच्या आत उतरवा, बाहेर रोडवर नको. बस लावली की माणूस सरळ वर गेला पाहिजे."

मी तेच वाक्य लिहून सूचना म्हणून पाठवलंय, डेपोच्या भिंतीचं आणि गेटचं हातानं काढलेलं चित्र जोडून.